मॅटवर कधीच पाय न ठेवलेली काकू

या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, पांढुर्ण्याच्या सभागृहात, भर टाळ्यांच्या गजरात आमच्या शिवणवाल्या काकूवर अन्याय झाला. गावोगावी ज्युदो नेणाऱ्या आमच्या राष्ट्रीय संघटनेच्या इतिहासाचं पुस्तक त्या दिवशी निघालं. त्यात सौसर केंद्राबद्दल एकच ओळ आहे: मॅट मुख्य कार्यालयाने पुरवल्या.

खोटं! आम्ही सात पोरी शाळेच्या टिनाच्या शेडमध्ये सुरुवात केली, तेव्हा मुख्य कार्यालयाकडून आलं ते फक्त बॅनर. कापसाच्या जिनिंगमधली झाडून काढलेली रुई काकूने पोत्यांत भरून आणली, ताडपत्रीच्या खोळींत ठासली, दाभणाने टाचली. ती मॅट. आमचे ड्रेसही तिनेच शिवले, मांजरपाटाचे. ज्युदोत समोरची पोरगी कॉलर धरूनच ओढते, म्हणून कॉलरला तिहेरी शिलाई, तीही लाल दोऱ्याने. पांढरा दोरा संपला होता.

नियमही तिचाच. "ड्रेस नाही, त मॅटवर पाय नाही ठेवाचा!" उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यालाही तिने काठावरच थांबवलं होतं.

"काकू, तुमचा ड्रेस कधी शिवता?"

"तुमचे फाटनं त थांबू द्या व पयले, पोट्ट्या हो!"

ते कधी थांबलंच नाही. त्यामुळे सगळ्या फोटोंत आम्ही मॅटवर, आणि काकू चौकटीच्या बाहेर. पुस्तकाच्या समितीने फोटो मागितले तेव्हा ते पाठवले कोणी? मी. जगाच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरणारी मी! सोबत काकूबद्दल दोन ओळी लिहायचं मला सुचलं नाही.

नंतर समितीतल्या सरांना फोन केला.

"फोटोत आहेत का त्या?"

"नाही सर, त्या मॅटवर चढतच नव्हत्या."

"मग पुरावा काय, बेटा?"

पुरावा! शेकडो वेळा आपटूनही माझे खांदे शाबूत आहेत, हा काय कमी पुरावा आहे?

पुस्तक घेऊन काकूच्या घरी रामाकोन्याला गेले. काकूने हात पुसले, चष्मा लावला, आमच्या फोटोवर बोट ठेवलं. "कॉलर अजून सरळ दिसून राह्यली." मग शेवटच्या पानापर्यंत गेली. पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. काय शोधून राह्यली, हे विचारायला तोंड नव्हतं मला. तोंड नव्हतं मला.

दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर समिती या महिनाअखेरपर्यंतच घेणार आहे. सौसर, बोरगाव, तिगाव, जिथून कुठून येऊन तुम्ही त्या मॅटवर पडायला शिकलात, तिथल्या पेटीतून तो जुना ड्रेस बाहेर काढा. कॉलर उलटी करा. लाल दोरा दिसेल. त्याचा फोटो काढा, खाली लिहा ही शिलाई कोणाची, आणि समितीला पाठवा. उद्या नाही, हे वाचून उठल्याबरोबर.