मुधोळचा माणूस काऊन घेतला

आमच्या गावात कबड्डी खेळणारे सात आणि कबड्डी कळणारे दोनशे. त्या दोनशेंतले सर्वांत जास्त कळणारे तिघे माझ्या पिठाच्या गिरणीत बसतात, ज्वारीच्या पोत्यांवर. पट्टा चालू असला की त्यांना ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे त्यांची मतं रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानातही फुकट मिळतात.

पहिले माझे यजमान. शाळेत असताना ते एकदा चढाईला गेले, बाद झाले आणि तसेच दप्तर घेऊन घरी आले. त्या एका चढाईच्या अनुभवावर त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली आहेत. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर. नोकरीत असताना दुसऱ्यांची पत्रं पोचवायचे, आता स्वतःची मतं पोचवतात, आणि घर बंद दिसलं तर उद्या पुन्हा येतात. तिसरे कापसाचे अडते. कापूस दोन बोटांत धरून धागा किती लांब निघेल ते सांगतात आणि माणसाची पोटरी पाहून तो किती गुण काढेल तेही सांगतात. कापसाचं बहुतेक बरोबर निघतं.

जिल्ह्यातल्या हौशी लोकांनी मिळून कबड्डीची स्पर्धा सुरू केली होती. टीव्हीवरच्यासारखी करायची होती, पण टीव्हीवर खेळाडूंचा लिलाव होतो आणि त्याला पैसा लागतो. म्हणून असं ठरलं की नावं देणाऱ्यांची एक यादी करायची, आठ संघांनी चिठ्ठ्या काढून क्रम लावायचा आणि आपापल्या पाळीला एकेक खेळाडू उचलायचा. पहिल्या वर्षी आमचा संघ आठवा आला. नवव्याची सोय असती तर तीही आम्हीच वापरली असती. कारण सगळ्या गावाला पाठ होतं: आपल्याकडे चढाईवाला नाही.

दुसऱ्या वर्षी चिठ्ठीत आमची दुसरी पाळी निघाली. खेळाडू निवडायचा मान शाळेतल्या पीटी सरांचा, पण त्यांना एकट्याला सुचणार नाही म्हणून हे तिघे इस्त्रीचे शर्ट घालून सकाळच्या बसने आदिलाबादला गेले. संध्याकाळी परत आले ते मयतीहून आल्यासारखे. यजमानांनी माठातलं पाणी घेतलं आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

"वयनी, वाटोळं झालं," अडते म्हणाले.

मला वाटलं कापसाचा भाव पडला.

"मंचेरियलचा चढाईवाला मोकळा होता," यजमान म्हणाले. "पहिल्या संघानं भलत्यालेच उचललं. आपली पाळी आली. तो तिथंच समोर उभा. आन सरांनं मुधोळच्या माणसाचं नाव घेतलं."

"तो काय करते?"

"तेच तर. तो कोपऱ्यात उभा राह्यते."

मग मला समजावून सांगण्यात आलं. चढाईवाला एकटा समोरच्यांच्या अंगणात जातो, शिवून परत येतो, लोक शिट्ट्या मारतात. कोपरेवाला आपल्या अंगणात रांगेच्या टोकाला उभा राहतो आणि आलेल्याचा घोटा धरतो. हा मुधोळवाला कधीमधी चढाईही करतो, म्हणून यादीत त्याच्या नावापुढे 'अष्टपैलू' लिहिलं होतं.

"अष्टपैलू मंजे आमच्या घरचं मिक्सर," यजमान म्हणाले. "दळते बी, वाटते बी. दोन्ही कच्चं."

गिरणीवालीच्या नवऱ्याने मिक्सरला नावं ठेवणं समजू शकतं. पण मीही काही सोवळी नव्हते. त्या खेळाडूचा फोटो मला मोबाईलवर दाखवला. जुना पासपोर्टचा फोटो, जाड मिशा, आणि मान मोजत बसावी इतकी लांब. मी म्हटलं, "पंखे पुसाले बरा हाय." तिघेही हसले. दोन दिवसांत तो विनोद गावभर झाला, फक्त माझं नाव गळून अडत्यांचं लागलं.

पुढचे पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. पोस्टमास्तर म्हणायचे, आजकाल खेळ बदलला, दोन्ही कामं करणारा माणूस लागतो. अडते म्हणायचे, दोन बैलांचं काम एका बैलाकडून घ्या अन् मग पाहा. यजमान म्हणायचे, सर विकले गेले. आमच्या पीटी सरांना विकत घ्यावं असं कुणाला का वाटावं, हे मात्र कुणी सांगू शकलं नाही.

मग एका दुपारी वांदरांनी गिरणीसमोरच्या खांबावरून उडी मारली आणि तार तुटली. दळण अर्ध्यात थांबलं. तासाभराने नवीन लाईनमन आला. महिन्याभरापूर्वीच त्याची आमच्याकडे बदली झाली होती. उंच, साफ दाढी केलेला, मिशा नाहीत. तो खांबावर चढला आणि खाली चर्चा पुन्हा सुरू झाली. पट्टा बंद असल्यामुळे त्या दिवशी प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"त्या मुधोळवाल्याचं वय झालं," अडते म्हणाले. "पोटरी पाह्यली मी. वाळल्या तुरीवाणी."

"चढाईत बी काई दम नाई," यजमान म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. "लाईनमन भाऊ, तुमी कबड्डी पाह्यता का?"

"पाह्यतो कदी कदी," वरून आवाज आला.

"मंग सांगा, त्याले काऊन घेतलं असन?"

तो पक्कड दातात धरून तार ओढत होता. पक्कड काढून म्हणाला, "मले बी तेच कोडं हाय. डावा गुडघा बी बरा नाई म्हणतेत त्याचा."

तिघांचे चेहरे उजळले. आतली बातमी मिळाली होती. तिघांनी त्याला चहा पाजला आणि गुडघ्याबद्दल आणखी काय काय ऐकलं ते खोदून विचारलं. त्याने सगळं सांगितलं. वर चढताना कळ येत नाही, उतरताना येते, असं म्हणतेत.

काम झाल्याचा कागद सहीसाठी माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याच्यावरचं नाव वाचलं. पोती ओलांडून तिघांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुमीच का ते?" मी हळूच विचारलं.

"हो."

"मंग बोलले काऊन नाई?"

"वयनी, खांबावर असताना भांडू नये," तो म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. गुडघ्याची बातमी 'खास खात्रीच्या माणसाकडून' म्हणून गावभर फिरली आणि फिरून माझ्याकडे आली, तोवर गुडघ्यात लोखंडी सळई बसली होती.

पहिला सामना तामसीत शाळेच्या मैदानावर होता, नेमका त्या मंचेरियलवाल्याच्या संघाशी. मीही गेले. मला कबड्डीत रस नव्हता, तिघांच्या चेहऱ्यांत होता. आमचा संघ रांगेने आत आला. यजमानांनी अडत्यांचा हात धरला. अडत्यांनी चष्मा पुसला. पोस्टमास्तर जरा वेळाने म्हणाले, "मी त्या दिवशीच ओळखलं होतं."

सामना आम्ही थोडक्यात हरलो. मंचेरियलच्या चढाईवाल्याने पुष्कळ गुण काढले, शिट्ट्या मिळवल्या, दर वेळी मांडीवर थाप मारली. आमच्या लाईनमनने सगळे मिळून दोन काढले. बाकी वेळ तो डाव्या कोपऱ्यात शेजाऱ्याचा हात धरून उभा. शेजारी पुढे सरकायला लागला की हा हात ओढून त्याला मागे घ्यायचा. बस.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "तो मंचेरियलवाला याच्या बाजूनं एकदाच गेला. घोटा धरल्या गेला, तवापासून सारा वेळ उजवीकडूनच खेळला."

"मंजे यानं काईच केलं नाई," यजमान म्हणाले.

"तुमाले खेळ समजत नाई वयनी," अडते समजुतीने म्हणाले.

गोष्ट इथे संपली असती, पण त्या आठवड्यात लाईनमनची बायको ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आली. शांत बाई. तिला पाहून पोस्टमास्तरांना सौजन्य सुचलं.

"तुमच्या घरवाल्याचा खेळ पाह्यला आमी," ते म्हणाले. "सुधारणेले वाव हाय."

"कायचा खेळ?" तिने विचारलं.

मी डोळ्यांनी खुणावलं, पण पोस्टमास्तरांनी हाती आलेलं टपाल कधी परत नेलेलं नाही. सामना, मैदान, गुडघा, दोन गुण, सगळं त्यांनी पोचतं केलं. ती ऐकत राहिली. मग डबा तिथेच ठेवून घरी गेली.

नंतर कळलं ते असं. आदल्या वर्षी खेळताना त्याचा गुडघा खरोखरच गेला होता. तीन महिने तो खाटेवर होता आणि ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होती. नोकरी कंत्राटी. खांबावर चढता आलं तर नोकरी, नाहीतर नाही. डॉक्टरांनी खेळू नका म्हटलं होतं, तिने शपथ घातली होती. आणि संध्याकाळी सरावाला जाताना तो तिला ड्यूटी आहे म्हणून सांगत होता.

पुढच्या सामन्याला तो आला नाही. डाव्या कोपऱ्यात दुसरा माणूस उभा केला, आणि तिकडून समोरचे असे येत-जात राहिले जसा तो गावचा पांदणरस्ता. मध्यंतरालाच निम्मे लोक उठून गेले. पीटी सर एकटे खुर्चीत बसून होते. आमच्या तिघांकडे त्यांनी फक्त एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत अडते म्हणाले, "तो माणूस पाह्यजे."

"मी पयल्यापासूनच म्हणत होतो," यजमान म्हणाले.

शेवटी तिघे त्याच्या घरी जायला निघाले, आणि बाईशी बोलायचं म्हणून मला पुढे घातलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. लाईनमन कोपऱ्यात बसून इस्त्रीची वायर जोडत होता. त्याने आमच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. ती चुलीसमोरून उठून आली.

यजमानांनी सुरुवात केली. असा खेळाडू जिल्ह्यात नाही. अडते म्हणाले, पोटरी पाहूनच समजते. पोस्टमास्तर म्हणाले, आजकालच्या खेळात अशाच माणसाला किंमत आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दोन गुण काढले म्हणे," ती म्हणाली. "ते दुसरा कोणी बी काढन. याईचा गुडघा गेला तर मले कोण पोसन? तुमी?"

तिघेही इस्त्रीकडे बघायला लागले. मलाही लाज वाटत होती, पण तिची नजर माझ्यावर आली म्हणून मी बोलले.

"बाई, ते जिथं उभे राह्यतेत ना, तिकडून समोरचा येतच नाई. म्हणून काई केलं असं दिसत नाई. काल ते नव्हते, तर तिकडूनच सारे घुसले."

तिने थोडा विचार केला. "मंजे राखण करतेत."

"हो."

"मंग तसं सांगा ना. मी रानातलीच हाय. राखणदार किती कणसं तोडते, असं कोणी ईचारत नाई."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता. "खोटं काऊन बोलले?" तिने विचारलं.

"तू नाई म्हटली असती."

"म्हटलीच असती," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळली. "राह्यले तितके सामने खेळू द्या. चढाईले पाठवाचं नाई. आन याच्यानंतर बंद."

यजमान लगेच हो म्हणाले, जणू संघ त्यांच्याच मालकीचा होता.

उरलेले सामने तो गुडघ्याला पट्टा बांधून खेळला. ती प्रत्येक सामन्याला माझ्याशेजारी बसली. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा ती वाजवायची नाही, आणि तो नुसता उभा असायचा तेव्हा पदर घट्ट धरून बसायची. आम्ही पाचवे आलो. सत्कारात पीटी सरांना नारळ मिळाला, यजमानांनी भाषण केलं, आणि योग्य वेळी योग्य सल्ला देणाऱ्या जाणकारांचे त्यांनी आभारही मानले. जाणकार पहिल्या रांगेत बसले होते.

लाईनमनने शब्द पाळला, खेळ सोडला. आता ड्यूटी संपली की तोही गिरणीत येऊन पोत्यावर बसतो. येत्या हंगामात कुणाला उचलायचं यावर सध्या जोरात वाद चालू आहे. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "पाह्यल्याशिवाय कसं सांगू?" तिघांना त्याचं वाईट वाटतं. परवा अडते मला बाजूला घेऊन म्हणाले, माणूस चांगला आहे, पण त्याला कबड्डीतलं फारसं कळत नाही.