घोंगडीखाली झोपलेलं पॅनेल

बाळांनो, तुमच्या घराच्या छपरावर सौर पॅनेल बसणार आहेत, असं परवा तुमच्या बाबांनी सांगितलं. बसवायला येणारी माणसं सगळं समजावून सांगतीलच. तरी ती येण्याआधी मंद्रूपजवळच्या आपल्या रानातली एक सकाळ तुम्हाला लिहून पाठवते. फोनवर सांगायला लागले की तुमच्या शाळेची बस येते आणि गोष्ट अर्धी राहते.

त्या रानात पूर्वी शाळू डोलायचा. आता जमीन सोलर कंपनीला भाड्याने दिली आहे. नजर पोचेल तिथवर निळी पॅनेलं तिरकी उभी आहेत. पहाटे लांबून पाहिलं की तळं भरल्यासारखं वाटतं. बगळ्यांनाही तसंच वाटतं. ते उतरतात, काचेवर पाय टेकतात, थोडे गोंधळून उभे राहतात आणि उडून जातात. ऊन चढायच्या आत गावातल्या बायका लांब दांड्याच्या ब्रशांनी पॅनेलं धुतात. पाणी ओघळतं, काचेत ढग सरकतात, आणि त्या बायका ढगांतून चालल्यासारख्या दिसतात. मी हे बघत कितीतरी वेळ छत्री घेऊन उभी राहत असे.

तिथला इंजिनिअर परप्रांतातला, हिंदी बोलणारा. सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत होत्या. मी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, म्हणून त्या बायकांना सोप्या मराठीत सांगायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं. त्या सकाळी धुणं आटोपल्यावर सगळ्या पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याखाली बसल्या होत्या. मी सांगितलं, पॅनेलला बटण नसतं, दिवसा त्यात वीज असतेच, तुटकी वायर दिसली तर लांब राहून कळवायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

इतक्यात लाइट गेली. गावच्या लाइनीवर चालणारा तो पंखा हळूहळू थांबला.

"सुटली आज्जीची शाळा," एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

त्यांच्यातली एक, अंगाने किरकोळ, दोन लेकरांची आई, ओला टॉवेल पिळत समोरच्या रांगेकडे निघाली. एका पॅनेलखाली वायर लोंबत होती. उंदरांनी तिचं वरचं आवरण कुरतडलं होतं. ती वायर वर खोचून त्यावर टॉवेल वाळत घालायचा तिचा बेत होता. ओला हात पुढे गेला.

"रुको, हाथ मत लगाना," इंजिनिअर ओरडला. मीही ओरडले. तिचा हात वायरीपासून वीतभर अंतरावर थांबला.

"लाइट गेलीया की, सायेब," ती म्हणाली. "पंका बंद झालेला दिसंना व्हय?"

तिचं चुकलं तरी कसं म्हणू? आपल्या भागात मोटारीची वायर जोडायची तर लाइट जायची वाट बघतात. तिचा नवरा तसंच करतो, सासरे तसंच करायचे. लाइट गेली की वायर मेली, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापुढे ते फार जुनं होतं.

इंजिनिअरने रबरी हातमोजे चढवले आणि शेडच्या भिंतीला टेकवलेलं एक सुटं पॅनेल उन्हात आणलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. त्याच्या टोकांना त्याने मीटर लावला. आकडा उमटला.

"मिशीन काय, खोटं बी दावतंय," ती म्हणाली.

मग मी राखणदाराची काळी घोंगडी मागवली आणि तिलाच पॅनेलवर पांघरायला सांगितली. आकडा घसरत घसरत शून्याशी आला. घोंगडी काढली, तो पुन्हा चढला. तिने परत पांघरली, परत काढली.

"झोपलं," एक बाई म्हणाली.

"उठलं की."

"आगं, ह्ये तर तुज्या धाकट्यावानी हाय. पांगरून काडलं की जागं."

बराच वेळ तो खेळ चालला. पत्र्यावर ऊन तळपत होतं, दूर पॅनेलांच्या तळ्यावर एक बगळा उतरला होता, आणि पंखा अजून बंदच होता. तिने घोंगडीची घडी केली. मग त्या लोंबत्या वायरीकडे पाहिलं आणि उजवा हात पदरात गुंडाळून घेतला.

"म्हंजी लाइट गावची जाती," ती हळू म्हणाली. "उनाची न्हाय जात."

त्याच दुपारी वायर बदलली.

या बायका घरी कानडी बोलतात. त्यानंतर लाइट गेली की रांगेच्या टोकावरून ती आधी हाक द्यायची, "बिसल ऐती", म्हणजे ऊन आहे. ती हाक एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात पार कुंपणापर्यंत पोचायची, आणि कुणाचा हात वायरीकडे गेला असेल तर मागे यायचा. तुमचं छप्पर केवढं आहे मला ठाऊक नाही, पण ऊन तिथेही हेच आहे.

तो इंजिनिअर आता बदलून गेला. मी लिहून दिलेल्या सूचनांचा फलक उन्हाने पांढरा पडला आहे. ती अजून धुवायला येते, आणि लाइट गेली की अजून हाक देते.