सकपाळ सरांचं रजिस्ट्रेशन

दाताच्या दवाखान्यात एक कपाट असतंच, पेशंटांच्या जबड्यांच्या प्लास्टरच्या साच्यांनी भरलेलं. पेशंट परत येत नाही, साचा टाकवत नाही. आमच्याकडचे किस्से असेच साठतात. आणि आम्ही तिघं डेंटिस्ट भेटलो की विषय फिरून रजिस्ट्रेशनवरच! मी कामोठ्याची, नीलेश शिरवण्याचा आणि आमच्यात मोठे सकपाळ सर. सरांचा दवाखाना घणसोली गावात, टॉवर यायच्या आधीपासूनचा. रजिस्ट्रेशन देणाऱ्या डेंटल कौन्सिलच्या नावानं हसायला जमायचो आम्ही. या वर्षी मात्र हसणं जरा कमीच झालं.

*

रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर लेक्चरांना बसून पॉइंट जमवावे लागतात. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी, मध्ये पनीर. तर वाशीच्या एका हॉलमध्ये लेक्चर होतं, विषय घोरणं. नीलेश जेवून आलेला. पाच मिनिटांत असा घोरायला लागला की वक्त्यांनी माइक खाली घेतला आणि म्हणाले, "आता जरा लाइव्ह ऐकू या!"

सगळा हॉल हसला. नीलेश दचकून उठला आणि पहिलं काय विचारलं? "पॉइंट कापले का?"

हसता हसता मी शेजारी पाहिलं. सरांच्या हातातला कप बशीवर खडखडत होता. थांबेचना. सरांनी दुसऱ्या हातानं तो दाबून धरला.

"एसी फार आहे गं," सर म्हणाले.

एसी सकाळपासून बंद होता.

*

मग शिरवण्याचा बोगस डॉक्टर. पालिकेच्या लोकांनी नीलेशला सोबत नेलं. भिंतीवर सर्टिफिकेट झकास फ्रेम केलेलं, पण नाव एका बाईंचं. आणि खाली पेशंटचा दात कोरत बसलेला हा मिशीवाला!

"मॅडम कुठायत?"

"बाहेर गेल्यात."

"बाहेर म्हणजे?"

"कॅनडाला."

"येणार कधी?"

"साहेब, चहा घेनार का?"

मॅडम जाताना सर्टिफिकेट भाड्यानं देऊन गेल्या होत्या. खुर्चीतला पेशंट तोंडात कापूस धरूनच ओरडला, "अहो, माझा दात अर्धा उघडाय! आधी भरू द्या, मग न्या याला!"

दुकान सील झालं. दिवाळीच्या आत दोन गल्ल्या सोडून पुन्हा उघडलं, तीच खुर्ची, नवी फ्रेम. नीलेश हे रंगवून सांगत होता आणि सांगता सांगता बोलून गेला, "पण एक सांगतो, साल्याचा हात मात्र एकदम स्टेडी!"

सर समोरच बसले होते. त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. नीलेशचं तोंड एवढंसं झालं. मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला, आणि तो खोटं बोलत नव्हता याचा जास्त.

*

पुढच्या महिन्यात सरांचं रजिस्ट्रेशन रिन्यू झालं. सर पेढे घेऊन आले.

"पाच वर्षं!" सर म्हणाले. "फोटो नवा मागितला, पत्ता विचारला, पॉइंट मोजले. हाताबद्दल एक अक्षर नाही. सरकारच्या मते मी फिट आहे."

मग पेढ्याचा बॉक्स बंद करत म्हणाले, "मेंदूच्या डॉक्टरांच्या मते कंपवात आहे."

नीलेशनं हातातला पेढा टेबलावर ठेवला.

"बोगसवाल्याकडे निदान पालिकेची कमिटी जाते," सर म्हणाले. "माझ्याकडे कोण येणार? उद्या एखाद्याची जीभ कापली गेली म्हणजे येतील. आणि मी स्वतःहून थांबायचं तर सकाळी उठून करू काय? मला दुसरं काही येतच नाही!"

थांबा, एवढं म्हणायचं होतं कुणीतरी. मी नीलेशकडे पाहिलं, नीलेशनं माझ्याकडे. ज्या माणसानं आम्हाला इंजेक्शन धरायला शिकवलं, त्याला हे सांगायचं कसं? शेवटी मी म्हणाले, "सर, शनिवारी मी येत जाईन. दात काढायचे पेशंट माझ्यासाठी ठेवा." सर हो म्हणाले. तेवढ्यावर आम्ही समाधान मानून घेतलं.

*

तिसऱ्या शनिवारी हिराबाय आली. गावातलीच, एके काळी मिठागरावर राबलेली. तिचे सगळे दात एकेक करून सरांनीच काढलेले. शेवटचा एक उरला होता, तोही हलत होता. मी ग्लोव्हज घातले.

"ही पोर कोन हाय?" हिराबायनं सरांनाच विचारलं.

"डॉक्टर आहे. माझ्यापेक्षा चांगली."

"असंल. माजा दात तूच काढायचा."

मी तिच्या डोक्यावरून सरांना मानेनं नाही म्हटलं. सरांनी पाहिलं आणि तरी पक्कड उचलली. मी हिरडी बधिर करून दिली. दुसरं काय करणार होते?

सरांचा हात तिच्या ओठापर्यंत गेला आणि तिथंच थरथरायला लागला. पक्कड दातावर टकटक वाजायला लागली. मी पुढे झाले, पण सर मागे होईनात. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

हिराबायनं पदरातून दोन्ही हात काढले आणि सरांचं मनगट घट्ट धरलं.

"भिव नको डॉक्टर," ती म्हणाली. "मी धरलाय."

दात निघाला. तिनं चूळ भरली, बोळा दाबला, पण मनगट काही सोडलं नाही. ते धरूनच खुर्चीवरून खाली उतरली.

"माज्या तोंडात आता तुज्यासाटी काय उरलं नाय," ती म्हणाली. "ये. आता तू बस."

आणि सर पेशंटच्या खुर्चीत बसले.