डोक्यावरची वाफ

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. मायला माहीत आहे, पण तिला सांगावं लागलं नाही — पाणी तीच तापवायची.

आमच्या वस्तीत आरोग्य मंडळ काढलं ते मी. पत्रकं मी लिहायचो, भिंतींवर मीच चिकटवायचो, आणि न वाचता पुढे जाणाऱ्याला रस्त्यात अडवून वाचून दाखवणाराही मीच. 'गुलामी आधी शरीरात शिरते!' 'खर्रा थुंका, ताठ उभे राहा!' यातलं एक अक्षर आजही मागे घेत नाही. आमच्या माणसांच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा हा खर्रा कोंबून पैसा करणाऱ्यांवर माझा राग होता, आहे. शरीर धड नसेल तर मन बसवणार कशावर? बुद्धविहारात डोळे मिटून बसलेल्याला खोकला बसू देतो का? पण —

पण नियम होता. पहाटे थंड पाण्याने आंघोळ करूनच मैदानात दंड-बैठकांना यायचं. नियम माझाच, ठळक अक्षरांत छापलेला. नागपूरचा जानेवारी तुम्ही अंगावर घेतला आहे? पहिला तांब्या पडला की माणूस तत्त्वं विसरतो. मी पहिल्याच सकाळी विसरलो.

माय चुलीवर गंजभर पाणी ठेवायची. मी ते गुपचूप अंगावर घ्यायचो, आणि शेवटी एक तांब्या थंड पाणी फरशीवर आपटून 'हुऽऽ' करून ओरडायचो — शेजाऱ्यांसाठी. मग ओल्या डोक्याने थेट मैदान. आणि तिथे त्या गारठ्यात माझ्या डोक्यावरून वाफ निघायची.

पोरं बघतच राहिली. कुणीतरी म्हणालं, भाऊच्या अंगातलं तेज आहे हे. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी नाही म्हटलं नाही. उलट पुढच्या पत्रकात लिहिलं — थंड पाण्याने आतला अग्नी जागा होतो. पुरावा रोज सकाळी मैदानात पाहावा.

वसंता गांधीबागेत कापडाच्या दुकानात थानं उलगडायचा, गुंडाळायचा. मंडळात आला तेव्हा पाठ वाकलेली, गालात सदा खर्रा, शेठनं हाक मारली की घाम. काही महिन्यांत खर्रा सुटला. पाठ सरळ झाली. पौर्णिमेला विहारात जायचं आहे, सुट्टी पाहिजे, असं त्यानं शेठला तोंडावर सांगितलं — आणि घेतली. आधी वंदनेला बसला की पेंगायचा. आता म्हणायचा, मन कसं निवांत होऊन राहिलं. मी पत्रकात लिहीत होतो ते खरं आहे, हे मला वसंताकडे पाहून कळलं. माझ्याकडे पाहून कळण्यासारखं नव्हतं.

एकाच गोष्टीचा त्याला घोर लागला होता. एका सकाळी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाऊ, मले वाफ काहून येत नाही गा?"

काय सांगायचं होतं मला? दोन शब्द — गरम पाणी. मी म्हणालो, "तुही निष्ठा कमी पडून राहिली, वसंता."

त्यानं एका बादलीच्या दोन केल्या. ओठ निळे, नाक लाल, खोकला सुरू. वाफ कुठली येते?

मायनं त्याला रस्त्यात पाहिलं. चुलीपाशी मला म्हणाली, "त्या पोराले खरं काहून नाही सांगून राहिला?" मी तिला संघटनेची शिस्त म्हणजे काय ते समजावू लागलो. ती म्हणाली, "भाषण मंग दे. पाणी निवून राहिलं."

मी आंघोळीला गेलो.

मग वसंताला ताप भरला. त्याच्या बायकोनं बळंच गरम पाण्याने अंग पुसून दिलं. ताप उतरल्यावर तो मफलर गुंडाळून मैदानात आला आणि, कुणी विचारलं नसताना, सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकलं — गरम पाणी घेतलं, चूक झाली.

बघा, तो किती सरळ झाला होता. आणि मी? मी त्याला रांगेबाहेर काढलं. शरीराशी बेइमानी करणारा समाजाशी काय इमान राखणार, असं खड्या आवाजात विचारलं. माझं डोकं तेव्हा भरात होतं — आतून नव्हे, वरून. वसंता माझ्याकडे पाहत नव्हता, वाफेकडे पाहत होता. माणूस पुतळ्याकडे पाहतो तसा.

"बरोबर आहे, भाऊ," तो म्हणाला. "माह्याच्यानं नाही होणार हे."

तो वळून चालू लागला. मागे धावून जायला मैदान काही फार मोठं नव्हतं. त्याच्या शेजारच्या पोराला मी सरकायला सांगितलं, रांग जुळवली आणि दंड मोजू लागलो.

वसंता पुन्हा आला नाही. पुढे विहारातही दिसेना. आपल्यात ते तेज मुळातच नाही, असं लोकांना सांगतो म्हणे. मी सायकल आता गांधीबागेतून नेत नाही.

मंडळ चालू आहे. माय अजून पाणी ठेवते.