दुमडलेली कड

जरा जवळ सरक बघू, निदान हे वाचताना तरी. तुम्हा पुण्यातल्यांना सगळं लांबूनच बरं वाटतं. तुझ्या भावाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आली नाहीस, रजा नव्हती म्हणालीस, मान्य. पण त्यानं फोनवर हॉलचा फोटो पाठवला, सोफ्याच्या वर ते चित्र, आणि तू खाली ‘सुंदर’ लिहून मोकळी झालीस. बाई गं, बघितलंस तरी का नीट? त्यात तुझी आजी कुठं आहे?

मी बघितलं. दारात चप्पल काढली आणि आधी चित्राकडंच गेले, पूजेकडं नंतर. नदी होती, उसाचा फड होता, पलीकडची झाडं होती. उजव्या कोपऱ्यात माझी आई नव्हती. सोनेरी फ्रेम मात्र अशी चकचकीत, की लग्नाच्या हॉलमध्ये शोभावी.

तुला सगळी गोष्ट कुणी सांगितली नसेल, म्हणून सांगते. आज ज्याची चित्रं मोठमोठ्या दालनांत लागतात, तो तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. बावड्याच्या आमच्या मळ्याच्या बांधावर येऊन बसायचा, मांडीवर रंगांची पेटी, बोटांना तेलाचा वास. त्याला तेव्हा पाणी जमत नव्हतं. नदी काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. शेवटी ती राहिली ती गढूळच राहिली, अजून तशीच आहे. तो जेवणाचं भान विसरायचा, म्हणून आई त्याचीही भाकरी बांधून न्यायची आणि तो हात धुऊन येईपर्यंत फडाच्या कडेला उभी राहायची. मी तिच्या लुगड्याला धरून. चित्र झालं तेव्हा त्यानं ते आम्हालाच दिलं. आईनं बघितलं तर ती स्वतः कोपऱ्यात, डोक्यावर पाटी, बोटभर उंचीची.

“रोज माझी भाकरी खातोस आणि मला कोपऱ्यात उभी करतोस व्हय रं?” आई म्हणाली.

तो लाजला. म्हणाला, तुम्ही रोज तिथंच उभ्या राहता की, काकी.

त्यात तिला तोंड नाही. जांभळ्या रंगाचे दोन फटकारे आणि वर पाटी, एवढंच. पण उभं राहण्याची ढब तिची. तिचा उजवा गुडघा दुखायचा, म्हणून ती सगळा भार डाव्या पायावर टाकायची. तसंच त्यानं काढलंय. पुढं ती लवकर गेली, माझ्या वडलांच्या, अण्णांच्या आधी, हिरव्या चुड्यानं गेली. फोटो तिचा एकही नाही. लग्नातलाही नाही, तेव्हा कुठला आलाय फोटो. मग पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला आम्ही सवाष्ण जेवायला बोलवायचो आणि नैवेद्य त्या चित्राला दाखवायचो. हळदीकुंकू खालच्या लाकडाला लावायचं, पण बोट वर कॅनव्हासला टेकायचंच. अण्णांचं टेकायचं, माझं टेकायचं, तुझ्या आईचंही टेकलंय. इतकी वर्षं टेकून टेकून आईच्या पायाशी तांबूस तेलकट ठसा उमटला होता.

तर पूजा चालली असतानाच मी तुझ्या भावाला विचारलं. तो म्हणाला, “आत्ती, कड खराब झालती. डाग हुता नुसता. फ्रेमवाल्यानं घेतली दुमडून.”

“तो डाग न्हाय,” मी म्हटलं. “ती तुझी आजी हाय.”

गुरुजींनी मंत्र चालूच ठेवले. तिथं चित्रांतलं कळणारे एक पाहुणे होते, पांढरी दाढी, खांद्याला झोळी. ते मला समजावायला लागले, की ती आकृती नजर कोपऱ्याकडं ओढून नेत होती, आता चित्र कसं मोकळं झालंय. मी म्हटलं, पावणं, नजर तिकडं जावी म्हणूनच तर आम्ही ते भिंतीवर ठेवलंय. तुझी वहिनी मला आत चहाला नेऊ लागली. मला चहा नको होता. मला एवढंच कळून घ्यायचं होतं, की कड दुमडली का कापली. तुझ्या भावाला ते ठाऊक नव्हतं! घरातल्या माणसाला कापलं का दुमडलं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला काय बोलायचं?

मी चित्र उतरवायला लावलं. उलटं करून पाठीमागचा कागद फाडला. आई होती. लाकडावर दुमडून ठोकलेली, पाठीमागं तोंड करून उभी. एक खिळा बरोबर तिच्या पाटीतून गेलेला. त्या वेळी झोळीवाल्या पाहुण्यांनीच पुढं होऊन दुसरी बाजू धरली. तेवढं त्यांचं चांगलं.

तुझा भाऊ म्हणाला, बघू नंतर, आता भिंत मोकळी दिसेल, लोक आलेत. मी चादर मागून घेतली, चित्र गुंडाळलं आणि प्रसाद न घेता रिक्षा केली. आता ते माझ्या खोलीत आहे. भिंतीकडं तोंड करून टांगलंय. येणारा-जाणारा विचारतो, आज्जी, चित्र उलटं का? मी म्हणते, सरळच आहे, आमचं माणूस या बाजूला आहे.

पण असं किती दिवस? नदीला पाठ करून ती कधी उभी राहिली नव्हती. फ्रेमवाला म्हणतो, जुना रंग वाळून कडक झालाय, उलगडताना दोघांनी दोन्हीकडून धरायला पाहिजे, आणि तुमच्या भाच्यानं हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही. भाचा माझा फोन उचलत नाही. रुसलाय. रुसायचं मी, आणि रुसून बसलाय तो! माझं त्याला ऐकू येत नाही, तुझं येतं, लहानपणापासून तसंच आहे.

नवमी आता तोंडावर आली. रजा मिळत नसेल तर आजारी पड. त्याच्या दंडाला धरून त्याला इकडं घेऊन ये, एका बाजूनं त्यानं धरू दे, दुसऱ्या बाजूनं तू धर. मी भाकऱ्या टाकते. ये गं लवकर.