सरांना कोण पाडणार

गुरूविषयीचा आदर हा समाजाचा पाया आहे, असं मी गेली पंधरा-सोळा वर्षं अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवताना सांगत आलो. शिक्षकदिनाला जरा वरच्या पट्टीत. या पायावर उभं राहून मारामारीचा व्हिडिओ गेम मात्र शिकता येत नाही. हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं आणि तेही बायकोनं सांगितलं म्हणून.

उंब्रजला सर्व्हिस रोडच्या कडेला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं गेम झोन काढला. उद्घाटनाला मला बोलावलं. आमच्याकडे पिठाची गिरणी सुरू करायची तरी फीत कापायला कुणीतरी लागतं, आणि पुढारी मिळाला नाही की शिक्षक चालतो. मी फीत कापली, नारळ फोडला, 'युवा पिढी' हा शब्द तीनचारदा येईल असं भाषण केलं. मग पहिला डाव सरांनीच खेळायचा असं ठरलं.

खेळ समजायला सोपा होता. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे राहतात. हातातल्या कंट्रोलरची बटणं दाबली की ते लाथा-बुक्क्या मारतात, एकमेकांना उचलून आपटतात. प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची पट्टी असते, ती ज्याची आधी संपेल तो आडवा. तीनपैकी दोन राउंड जिंकेल त्याचा डाव. मी एक लठ्ठ पैलवान निवडला, आमच्या भागात दुसरं काही निवडणं बरं दिसलं नसतं. समोर गेम झोनचा मालक, म्हणजे तो विद्यार्थीच. मी त्याला पाडला.

"सर, हात लय बसलाय तुमचा," तो म्हणाला. "पयल्यांदा खेळताय असं वाटतच न्हाई."

मलाही वाटेना.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी मी तिथं जाऊ लागलो. मालकाबरोबर खेळलो, त्याच्या मित्रांबरोबर खेळलो. ते बहुतेक माझ्याच हाताखालून गेलेले. क्वचित हरलो, एरवी जिंकतच गेलो. आयुष्यात कुठल्याच खेळात मला गती नव्हती. शाळेत खोखोला मला पाटीवर बसवायचे ते जागा अडवायला. त्यामुळे उशिरा का होईना, देवानं आपल्या खात्यावर काहीतरी टाकलं, अशी माझी समजूत झाली.

मग सांगलीची स्पर्धा आली. कुणा नेत्याच्या वाढदिवसानिमित्त एका मंगल कार्यालयात हाच खेळ भरवणार होते. मालकानं स्वतःचं नाव दिलं आणि मला न विचारता माझंही दिलं. दोन दिवसांत फाट्यावर फ्लेक्स लागला. मधोमध कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो, वर 'आमचे मार्गदर्शक', खाली 'सांगली येथील भव्य स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. निवड म्हणजे मोबाइल नंबर कळवायचा होता. ज्यानं कळवला तो निवडला गेला.

फ्लेक्सविषयी माझी मतं स्टाफरूममध्ये सर्वांना तोंडपाठ होती. त्यामुळे सोमवारी सगळे सहकारी एकेक करून हात मिळवायला आले. नुसते हात मिळवत होते.

बायकोनं फ्लेक्स बाजाराला जाताना पाहिला आणि परत येताना मला न्यायला म्हणून गेम झोनमध्ये आली. पिशव्या पायाशी ठेवून दहाएक मिनिटं बसली. मी मालकाशी खेळत होतो आणि तिसऱ्या राउंडला त्याला जोरदार आपटून जिंकलो. आम्ही घरी निघालो.

"आवं, तो पोरगा मधनंच हात सोडून बसतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमचा पैलवान मारायला लागला की त्याची बोटं थांबतात. तुमी पडद्याकडं बघताय, मी त्याच्या हाताकडं बघत होते."

"काहीतरीच."

"तुमाला हरवंल का तो? सर हाय तुमी त्याचं." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "सांगलीला कोण तुमचं विद्यार्थी न्हाईत. आन भाऊ येणार हाय बघायला. पलूसला आईनं आख्ख्या गल्लीला सांगितलंय."

मी तिचं म्हणणं खोडून काढण्यासाठी घरच्या कॉम्प्युटरवर तोच गेम घेतला आणि ऑनलाइन अनोळखी लोकांशी खेळायला बसलो. पहिला डाव हरलो. दुसरा हरलो. रविवार संपेपर्यंत एकही डाव जिंकलो नाही. एकानं तर कंटाळून मध्येच खेळ सोडला. त्या हिशेबानं तो डाव मी जिंकलो होतो, पण बायकोला सांगितलं नाही.

आता अडचण अशी होती की सांगलीला सासुरवाडीसमोर फजिती व्हायची नसेल तर मला शिकायला हवं, आणि शिकायला कुणीतरी माझी चूक सांगायला हवी. उंब्रजमध्ये माझी चूक सांगणारा माणूस मीच शिल्लक ठेवलेला नव्हता. मी मालकाला सरळ विचारून पाहिलं, "माझं काय चुकतं ते सांग." तो लाजला. म्हणाला, "सर, तुमचं कुटं काय चुकतंय? आमीच कमी पडतोय." हे वाक्य मी अनेक सत्कारांत ऐकलं आहे. इतक्या मनापासून म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं.

गेम झोनची पोरं संध्याकाळी ऑनलाइनही जमायची. गेममधल्या त्यांच्या खोलीचा कोड दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला होता. मी तो पाठ केला आणि घरून, खोटं नाव घेऊन आत शिरलो. कुठलं नाव घ्यावं सुचेना. बायको समोर भरल्या वांग्याची तयारी करत होती, म्हणून 'वांगं' असं घेतलं. माइक बंद ठेवला. त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं, मी लागलंच तर एखादा शब्द टाइप करायचो.

मालकानं मला पहिल्या डावात इतक्या पटकन झोपवलं, की माझा पैलवान नीट उभाही राहिला नव्हता.

"ए वांग्या," तो म्हणाला. वर्गात कधी या पोराचा आवाज बाकाच्या पलीकडे गेला नव्हता. "आरं उडी कशाला मारतोस सारखी? माकड हायस का?"

खोलीत हशा. मी टाइप केलं, 'नाही.'

"मग खाली ऱ्हा की. आन दुसरं, पडल्यावर उठलास की बटन दाबतोस. दर टायमाला. तू उठंस्तवर मी समोर थांबतो, तू दाबलंस की हाणतो. माज्या आजीला बी कळंल रं ते."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं एवढं नेमकं मूल्यमापन कधी झालं नव्हतं. शिक्षण खात्याचं पथक येतं तेव्हा ते भिंतींचा रंग पाहतं. या पोरानं दोन मिनिटांत मला माझी चूक सांगितली होती, का चुकतं ते सांगितलं होतं, आणि माझ्या चुकीवर त्याचं कसं भागतं तेही.

मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो. रोज मार आणि रोज शिव्या, पण शिव्यांमध्ये शेंगेतल्या दाण्यासारखा एकेक सल्ला असायचा. पोरांनाही माझा लळा लागला. मी कितीही हरलो तरी दुसऱ्या दिवशी हजर असायचो, त्याचं त्यांना कौतुक असावं. "आलं का वांगं?" अशी विचारणा व्हायची. एकदा मालक म्हणाला, "गड्या, असं न्हाई जमायचं. गेममधी सराव करायचा भाग हाय बघ. तिथं समोर बाहुला असतो. मी करतो ती चाल त्या बाहुल्याला शिकीव, आन तू नुसतं अडवायला शीक. मारू नगंस. नुसतं अडीव."

नुसतं अडवणं ही फार अवघड गोष्ट निघाली. बाहुला मला पाडायचा, मी उठायचो आणि माझा अंगठा आपोआप बटणावर जायचा. मला तो गेलेला कळायचाही नाही. शेवटी बायको शेंगा सोलायला घेऊन शेजारी बसू लागली. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. ती फक्त माझ्या अंगठ्याकडे बघायची आणि म्हणायची, "दाबलंत."

"नाही दाबलं."

"दाबलंत. परत."

स्टाफ मीटिंगमध्ये कुणी काही बोललं की लगेच उत्तर द्यायची मला सवय आहे. त्या दिवसांत एकदा प्राचार्य काहीतरी बोलले आणि मी उत्तर दिलं नाही. त्यांनी मला बरं नाही का म्हणून विचारलं.

शनिवारी मी दुकानात जातच होतो आणि तिथं सर म्हणून जिंकतच होतो. फक्त आता मला दिसत होतं. तो पोरगा किती मेहनतीनं हरायचा! पहिला राउंड द्यायचा, दुसरा घ्यायचा, तिसऱ्यात माझी पट्टी नखाएवढी शिल्लक असताना नेमका चुकायचा आणि कपाळावर हात मारून घ्यायचा. जिंकण्यापेक्षा त्याला हे जड जात असणार. मी उठताना बटण दाबत नाही हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो क्षणभर गोंधळला. माझ्या त्या घाईच्या फटक्यात मुद्दाम सापडून हरायची त्याची नेहमीची वाट बंद झाली होती.

आणि मग एका संध्याकाळी वांग्यानं त्याच्याकडून एक राउंड काढला. तो माझ्या उठण्याची वाट बघत समोर थांबला, मी उठलो आणि काहीच केलं नाही. त्यानं हाणलं, मी अडवलं, उचलून आपटलं.

"वांग्या!" तो ओरडला. "आरं तू माणसात आलास की रं!"

माझ्या कपाटात बऱ्याच शाली आहेत. त्यांतली एकही पांघरताना मला असं वाटलं नव्हतं.

सांगलीला जाताना आम्ही पलूसला मेव्हण्याला गाडीत घेतलं. तो फौजेतून सुट्टीवर आला होता. मंगल कार्यालयात आधी दीपप्रज्वलन झालं. समईची वात पेटेना, पंखा बंद करावा लागला, मग खेळाचे पडदे बंद पडले कारण पंखा आणि पडदे एकाच बटणावर होते. प्रमुख पाहुण्यांनी व्हिडिओ गेमच्या स्पर्धेचं उद्घाटन करून मुलांना मैदानी खेळ खेळण्याचं आवाहन केलं. त्यानंतर स्टीलच्या पातेल्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि माझी पहिली जोड लागली ती आमच्याच मालकाशी.

तो धावत माझ्याकडे आला. चेहरा पडला होता, पण हसत होता. "सर, बेस झालं," म्हणाला. "पयला डाव तर निघाला तुमचा."

सगळं सोपं होतं. मी गप्प बसायचं, तो हरणार, मेव्हणा टाळ्या वाजवणार, फ्लेक्स खरा ठरणार. हा पोरगा मात्र पहिल्याच फेरीत घरी जाणार होता. त्या सभागृहात त्याच्याइतकं चांगलं खेळणारे फार नव्हते आणि या स्पर्धेसाठी त्यानं दुकानाला दोन दिवस कुलूप लावलं होतं.

"उडी मारायची मी सोडलीय," मी म्हणालो. "माकड नाहीये मी."

तो तसाच उभा राहिला. आधी त्याला काही कळलं नाही, मग सगळं कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सर... वांगं?"

"हो."

"आईशप्पथ. सर, मी तुमाला काय काय बोललोय..."

"ते सगळं उपयोगी पडलं. आता इथं सर कुणी नाही. नीट खेळ, नाहीतर सोमवारी तुझ्या दुकानात येऊन बसेन आणि रोज येईन."

तो नीट खेळला. पहिल्या राउंडला त्यानं मला असं लोळवलं की मागच्या खुर्च्यांवरून "अरारा" आलं. दुसरा मी काढला, खराखुरा काढला, आणि त्याच्या तोंडून आपसूक "च्यायला" निघालं. त्या शब्दात आदराचा लवलेश नव्हता. तिसऱ्या राउंडला दोघांच्याही पट्ट्या संपत आल्या होत्या. त्यानं मला पाडलं, समोर येऊन थांबला, मी उठलो, आणि तिसऱ्या रांगेतून बायकोचा आवाज आला.

"दाबलंत."

दाबलं होतं. त्यानं हाणलं आणि पैलवान आडवा झाला.

मला वाटलं होतं, वाईट वाटेल. छाती मात्र हलकी झाली, घट्ट बूट काढल्यावर पाय होतात तशी. मी हरलो होतो, आणि कुणी हरू दिलं नव्हतं, जिंकूही दिलं नव्हतं. तोही घाम पुसत मोकळा हसत होता. शनिवारच्या त्या कष्टांतून तोही सुटला होता. वाकून पाया पडायला निघाला, मी त्याला वरच्या वर धरला आणि हात मिळवला. पुढे तो उपांत्य फेरीपर्यंत गेला.

मेव्हण्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "दाजी, पडला," तो म्हणाला, "पण लय टाइम लावून पडला."

संध्याकाळी संयोजकांनी सर्व स्पर्धकांना व्यासपीठावर बोलावून प्रमाणपत्रं दिली. माझ्या प्रमाणपत्रावर नाव बरोबर आहे आणि खेळाच्या जागी 'कॅरम' छापलेलं आहे.