मागच्या बाकावर काय कळतं

मी आठवीत होते तेव्हा आमच्या वर्गाच्या खिडकीसमोर, बोळ ओलांडला की लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. दिवसभर खटखट. मी अंजूरहून रिक्षाने भिवंडीत शाळेला यायचे. आमच्याकडे भातशेती आणि खाडीचा वारा, त्यामुळे त्या आवाजाने माझं डोकं उठायचं.

त्या वर्षी चित्रकलेच्या बाई बदलून गेल्या आणि त्यांचे तास विज्ञानाच्या सरांकडे आले. सरांनी दोन्ही विषय एकत्रच करून टाकले. म्हणाले, "या वर्गात आपण एक वस्तू बांधायची. मोजमाप, चित्र, प्रयोग, सगळं त्यातच. पण ती कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे."

"आवाज अडवणारी जाळी!" मी हात वर न करताच ओरडले.

सूत ज्यावर गुंडाळून येतं ते कागदी कोन भिवंडीत ढिगाने मिळायचे. वीज गेली की लूम थांबायचे, तेवढ्या शांततेत आम्ही प्रयोग करायचो. खोक्यात ट्रान्झिस्टर ठेवायचा, वर कधी नुसते कोन लावायचे, कधी चिंध्या भरलेले. मग कान देत मागे मागे जायचं, ऐकू येईनासं झालं की खडूने रेघ मारायची. चिंध्या भरलेल्या कोनांची रेघ खोक्याच्या खूप जवळ आली. का, यावर आमची भांडणं झाली. मग आम्ही लाकडी पट्ट्यांची चौकट केली, त्यात कोन ओवले आणि ती खिडकीला लावली.

खटखट खरंच दबली. मी पहिल्या बाकावर खूश होऊन बसले.

"मागे कसं वाटतंय?" सरांनी विचारलं.

शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिचं गाव दिघाशी, पण वडील लूमवर कामाला, म्हणून ते कारखान्याला लागूनच खोली घेऊन राहायचे. ती म्हणाली, "सर, आधी कळायचं तेवढंपण न्हाय कळत आता."

वर्ग हसला. मला राग आला. "आवाज कमी झाला ना पण?"

"आवाजाचं काय न्हाय. आमच्या भिंतीलाच लूम हाय. पण आता अंधार झालाय, सरांचं तोंड दिसत न्हाय."

"तोंड कशाला दिसायला हवं?" सरांनी विचारलं. विचारण्यात खरीच उत्सुकता होती.

"ओठ बघून कळतं. बाबा आन् त्यांच्या बाजूचे काका कारखान्यात असंच बोलतात."

सर तिला घेऊन उजेडात, व्हरांड्यात आले. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी आवाज न काढता ओठ हलवले.

"शाळा," ती म्हणाली.

बरोबर. पुन्हा ओठ हलले.

"बाळ."

"मी 'माळ' म्हणालो," सर म्हणाले, आणि स्वतःच थबकले. मग आम्ही एकमेकांकडे तोंड करून बाळ, माळ, पाळ म्हणत सुटलो. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटत होते. इतकी वर्षं बोलत होते, पण हे मला ठाऊकच नव्हतं.

वर्गात परतल्यावर सर म्हणाले, "बांधायच्या आधी मागच्या बाकांना विचारायला हवं होतं. चला, उतरवा ती चौकट."

मी जराशी हिरमुसले, पण करवत धरायला मीच पुढे झाले. आम्ही चौकट अर्धी केली. खालचा भाग कोनांनी झाकलेला, वरून उजेड मोकळा. सगळ्यांना सरांचं तोंड दिसावं म्हणून बाकांच्या रांगा कमानीसारख्या वळवून लावल्या. आणखी काय हवं, असं मी त्या मुलीला विचारलं तर ती सरांकडे बघून म्हणाली, "फळ्यावर लिहिताना बोलू नका."

सर हसले, पण तेव्हापासून खडू खाली ठेवूनच बोलू लागले. श्रुतलेखन घेतलं तेव्हा मागच्या बाकांच्या चुका आधीपेक्षा बऱ्याच कमी निघाल्या. दाराजवळच्या कोपऱ्यात मात्र काही केल्या सुधारणा झाली नाही. ते कोडं आम्हाला शेवटपर्यंत सुटलं नाही.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर कारखान्याच्या दाराशी गेले. तिचे वडील लूममागून आमच्याकडे बघून काहीतरी बोलले. मी डोळे बारीक करून ओठ वाचू पाहिले. एक अक्षर लागेल तर शपथ.

"काय म्हणाले?" मी ओरडून विचारलं.

तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "जेवून जा म्हणतात."


मी त्यांच्याकडे बघून जोरात मान डोलावली.